वाचनालयाला जागा पाहिजे

दांडेवाडी, ता. मुरुड
२ मार्च २०२५

चि. सौ. रुचिका हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तूही तिकडे खुशाल असशील. ही ओळ शाळेत पोरांकडून इतकी वर्षं घोटून घेतली आहे की हात ती आपोआप लिहितो. त्यात खरं किती ते हाताला विचारायचं नसतं.

पत्र बघून दचकू नकोस. घरात कोणी आजारी नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस आणि व्हॉट्सॲपवर माझ्या प्रत्येक निरोपाला एकच टिक येते, म्हणून पोस्टाकडे आले. पोस्टमन कोणाला ब्लॉक करत नाही. म्हसळ्याच्या मेडिकल दुकानाचा पत्ता केसरकाकूकडून मिळाला. तिची भाची तुझ्याकडून गोळ्या घेते म्हणे. तू केस कापलेस आणि बरी दिसतेस हेही तिच्याकडूनच कळलं. केस कापलेस ते बरं केलंस. बरी दिसतेस ते त्याहून बरं.

बातमी अशी की गावाला वाचनालय मंजूर झालं. खरंच. वादळात समाजमंदिराचे पत्रे उडाले तेव्हा मागच्या खोलीतली आपली लायब्ररी भिजली, ते तुला आठवत असेल. तू आणि मी पुस्तकं अंगणात उन्हाला मांडली होती आणि तुझा नवरा, आमचा शुभम, म्हणाला होता, बोंबलासारखी दोरीवर टांगा, लवकर सुकतील. तेव्हापासून ती आपल्या पडवीत ट्रंकांत पडून आहेत. आता सरकार इमारत बांधून देणार. अट एकच, मार्च संपायच्या आत गावाने जागा द्यायची, नाहीतर मंजुरी रद्द. समितीची सचिव मी आहे. सचिव म्हणजे सभेत जिला सगळे "बाई, तुमीच बघा" म्हणतात, ती.

तर गेला महिनाभर मी जागा बघते आहे. मुलीला स्थळं बघावीत तशा. एवढं कळलं की गावात जमीन भरपूर आहे, जागा नाही.

पहिलं स्थळ जेटीशेजारची सरकारी जमीन. सरपंच दयाराम म्हणाला, "बाई, ती सीआरझेडमधी येते, किनाऱ्याच्या कायद्यात. समुद्राला धोका व्हतो."

"आणि पलीकडे अल्पेशशेठचं रिसॉर्ट आहे, त्याने?"

"ते तात्पुरतं हाय."

तात्पुरत्या रिसॉर्टला कायमचा पोहायचा तलाव आहे, तोही समुद्राला खेटून. पुस्तकांनी समुद्राचं नुकसान होतं आणि बीअरने होत नाही, असा शोध मी सभेच्या इतिवृत्तात लिहायला घेतला, तर दयाराम म्हणाला, "असलं लिवू नका, वर वाचतान."

मग देवळाशेजारची. तिथे मोहल्ल्यातली मुलं यायची नाहीत. मोहल्ल्याशेजारची बघावी तर आपली जायची नाहीत. दोघांना चालेल अशी म्हणून कोणीतरी स्मशानाच्या वाटेवरची सुचवली. आजवर तिथे गेलेल्या कोणीच तक्रार केलेली नाही, म्हणून मीही मान डोलावली. मोहल्ल्यातले रिटायर मास्तर मात्र हसले. "बाई, आमचं कब्रस्तान दुसऱ्या टोकाला. तुम्ही आम्हाला तुमच्या वाटेला कशाला लावता?"

इंजिनिअर साहेबांनी तर कमालच केली. एस.टी. थांब्यामागे सार्वजनिक शौचालय मंजूर आहे, त्यावर एक मजला चढवा म्हणाले. जिना एकच. खाली मोकळं व्हायचं, वर भरायचं.

होळीचा माळ निघाला, पण त्यावर बांधलं तर होळी कुठे लावायची? त्यावर गावाचं एकमत झालं. वाचनालय नको यावरही एकमत झालं असतं, पण तेवढं कोणी तोंडाने म्हणत नाही. खारातली जमीन बघायला गेले, तर बांध फुटून तिथे कधीचं भरतीचं पाणी शिरतंय आणि भातखाचरात तिवरं उभी राहिली आहेत. तिवरं आली की जमीन जंगलाची. ज्या शेतात आपल्या आजीने भात लावला, तिथे आता फांदी तोडली तरी गुन्हा.

शेवटी मासळी वाळवायचा खळा. टेप घेऊन गेले, तर केसरकाकू बोंबलाची माळ हातात घेऊन पुढे आली.

"बाय, तुज्या बुकांवर मी बोंबील सुकवू काय?"

"नको गं काकू."

"मंग माज्या बोंबलांवर तू बुका कशी मांडतंस?"

मी टेप गुंडाळला. आजवर मी जिथे जिथे हरले तिथे समोरचा चूक होता. इथे बरोबर होता, म्हणून बरं वाटलं.

तर असं आहे. गावात आता एकच जागा उरली आहे. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

आई बरी आहे. कानाने कमी ऐकते, बाकी आवाज तोच. तुझ्याबद्दल ती काही विचारत नाही. विचारत नाही एवढंच लिहिते, त्याचा अर्थ लावत नाही.

तुझी,
सुचिताताई


दांडेवाडी
११ मार्च २०२५

चि. सौ. रुचिका,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

वरचं "सौ." लिहिताना या वेळी पेन अडलं. "श्रीमती" लिहू? पाकिटावर ते कोणी वाचून आईच्या कानात ओरडलं तर? आणि नुसतं नाव लिहावं, तर हात म्हणतो, काहीतरी राहिलं. आपल्या भाषेत बाईच्या नावाआधी नवऱ्याची खबर द्यावी लागते. खबरच नसेल तर काय लिहायचं, ते मी इतकी वर्षं व्याकरण शिकवूनही मला माहीत नाही. म्हणून सवयीने "सौ." लिहिलं. रागावू नकोस.

गेल्या पत्रात "एक जागा उरली आहे" असं लिहून मी पळ काढला. तुला तेव्हाच कळलं असणार. तुमचं जोतं, तुझ्या नि शुभमच्या घराचं.

कोणत्याही इंजिनिअरला विचार. रस्त्याला लागून, उधाणाचं पाणी कधी पोचलं नाही अशा उंचीवर, सातबारा स्वच्छ, आईच्या एकटीच्या नावावर. वर जांभ्या चिऱ्यांचं जोतं बांधून तयार. त्यातले निम्मे चिरे तू टेम्पोतून डोक्यावरून आणलेस. शुभम म्हणत होता मजूर लावू, तर तू म्हणालीस, "मजूर आणतील, पण मोजून आणतील." आता भिंती चढवायच्या, असं ठरलं आणि ऑगस्टात मोसमाच्या पहिल्याच खेपेला बोट उलटली. रितेश आणि आणखी एक खलाशी डिझेलच्या कॅनला धरून किनाऱ्याला लागले. शुभम लागला नाही. त्याचं काहीच लागलं नाही.

हे तुला कशाला सांगते आहे? तुला माहीत आहे. मला एकदा सलग लिहून बघायचं होतं.

तू गेल्यानंतरचं मात्र तुला माहीत नसेल. आई रोज सकाळी रितेशच्या दारात जाऊन उभी राहायची. "तू वाचलास ना रं? मंग माजा कुठं ऱ्हायला?" रितेशला समुद्राची भीती उरली नव्हती, आईची वाटायला लागली. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात लागला. सणालासुद्धा येत नाही. आणि आई त्यानंतर रोज जोतं झाडते. आपल्या घराचं अंगण नंतर, आधी जोतं. "जोत्यावर गवत आला का घर व्हत न्हाय," म्हणते.

सगळ्या गावाला ते जोतं दिसत होतं. एकानेही नाव काढलं नाही. आमच्या गावात इतकी समज असेल असं मला वाटलं नव्हतं आणि तिचा मला किती त्रास झाला ते सांगता येत नाही. कोणीतरी म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

मग शनिवारची ग्रामसभा. महिला दिनाची, म्हणून बायकांना पुढे बसायला सांगितलं आणि त्या नेहमीप्रमाणे मागे बसल्या. एकेक जागा बाद झाली. शेवटी दयाराम छताकडे बघायला लागला, मास्तर स्वतःच्या चपलांकडे. माझ्याकडे कोणी बघेना. तेव्हा मागून आईचा आवाज.

"काय बोलतान गो? कशाला जागा पायजे?"

केसरकाकू तिच्या कानात ओरडली, "वाचनालयाला गो, ठमाबाय! वाचनालयाला!"

आई उठून उभी राहिली. लुगडं सारखं केलं. "मंग माज्या शुभमचा जोता घ्या ना. वाचनालयाला व्हय ना? त्याला चालंल."

टाळ्या पडल्या. दयारामने डोळ्याला रुमाल लावला, निवडणूक नसताना. मास्तरांनी येऊन आईला हात जोडले. आणि मी, रुचिका, मी गावात सगळ्यांची सालं काढणारी बाई, घरी येऊन पडवीत ट्रंकेवर बसून रडले. मला वाटलं, आईने त्याला सोडलं. मोठ्या मनाने, सगळ्या गावासमोर सोडलं. त्या एका संध्याकाळी मी काहीही वाकडं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोतं धूत होती. नुसतं झाडत नव्हती, बादल्या आणून धूत होती. मला म्हणाली, "बाय, खाटा किती ठेवतील?"

"कसल्या खाटा?"

"वाचलेल्यांना गो. दर्यातून वली मानसा येतान. त्याना निजवाय नको?"

मला कळायला थोडा वेळ लागला. तू माझ्यापेक्षा हुशार, तुला कळलं असेल.

आपण सगळे जन्मभर "लायब्ररी" म्हणत आलो. आई "लायबरी" म्हणते. लायबरी म्हणजे दोन कपाटं, ती तिला माहीत आहेत, ती भिजली तेही माहीत आहे. "वाचनालय" हा सरकारी कागदावरचा शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती अक्षर शिकली नाही. तिच्या तोंडात "वाचणं" एकच आहे, बोट उलटल्यावर जे उरतं ते. कोळीवाड्यात बोटीची वाईट बातमी आली की पहिला प्रश्न तोच, कोन वाचला. त्यात वादळानंतर निवारा केंद्राची मापं घ्यायला माणसं आली होती. ती आईला सांगत होती, पुढच्या वादळात एकूण एक माणूस वाचला पाहिजे. ते तिच्या डोक्यात होतं. म्हणून वाचनालय म्हणजे वाचलेल्यांचं घर. तिने तिच्या परीने बरोबर फोड केली. मी मुलांना शब्दांची फोड शिकवते, मी तिला अर्धा गुणही कापू शकत नाही.

साप्ताहिकात माझं सदर येतं, त्यात मी शब्दांशी खेळते. लोक हसतात, मी खूश होते. इतका सुंदर श्लेष मला जन्मात सुचला नसता आणि तो माझ्या आईच्या तोंडी यावा.

ती पुढे म्हणाली, "आता कोन वाचला का त्याला हिकरंच आनतील. शुभम आयला का त्याला दुसरीकडं धुंडाय नको. आपल्याच घरी येल."

त्यावर मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "खाटांचं बघू."

हे मी म्हटलं, रुचिका. मला फोनवर ब्लॉक करायला तुझी कारणं वेगळी आहेत, पण आता हेही त्यात घाल.

तेव्हापासून घरात गोधड्या उन्हात पडतात. तिने तुझ्या लग्नातली सतरंजी काढली. केसरकाकूला सांगितलं, जुने टॉवेल टाकू नको, लागतील. केसरकाकू माझ्याकडे बघते, मी पेपर तपासते.

चोवीस तारखेला मुरुडला बक्षीसपत्र करायचं ठरलं आहे. आई अंगठा देईल. हसत देईल. वर्षभरात इमारत उभी राहील, मी आत टेबलावर बसेन, आणि आई दारात. मला ते आत्ताच दिसतं. पावसात भिजून आलेल्या प्रत्येक पोराला ती धरणार, टॉवेलने पुसणार आणि विचारणार, "कंच्या बोटीवरचा रं तू? शुभम दिसला काय?" रोज. पोरं आधी घाबरतील, मग हसतील. आणि मी पुस्तकांच्या आड बसून मुलांना सांगणार, शांतता राखा.

म्हणून तुला लिहिते आहे. इतकी पानं जागेच्या विनोदांत घालवली, ती याच्याचसाठी.

तू ये आणि आईला सांग.

हे मागायला मला तोंड नाही हे मला कळतं. बोट उलटल्याला वर्ष झालं, त्या नारळी पौर्णिमेला तू तिच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "आई, शुभम आता येणार नाही. आपण त्याचं काय ते करून घेऊ या." आणि तिने तुझी बॅग गल्लीत फेकली. मी पडवीत होते. तू शेवटच्या एस.टी.ने गेलीस. पण ते वाक्य या घरात पुरं करू शकलेली तू एकटी. मी रोज सकाळी तोंड धुताना ते जुळवते. कर्ता मिळतो. क्रियापदाशी आलं की मी आईला विचारते, चहा टाकू का.

चोवीसच्या आत ये. मुरुडपर्यंत ये, मी स्टँडवर येते. घरात पाऊल टाकू नकोस हवं तर. तिला अंगणात बोलावते, तू रस्त्यावर उभी राहून सांग.

परवा होळी. कोळीवाड्यात आत्तापासून ढोल वाजतायत. या आवाजात माझं म्हणणं तुला कितपत ऐकू येईल कोण जाणे.

तुझी,
सुचिताताई


दांडेवाडी
२३ मार्च २०२५

प्रिय रुचिका,

तुझं कार्ड शिमग्यानंतर पोचलं. एकच ओळ. "ताई, मी एकदा सांगितलंय. आता तुम्ही सांगा." खाली नाव नाही, वर तारीख नाही. तुला नेमकं बोलायची वाईट खोड आहे. आमच्या घराने ती कधी चालवून घेतली नाही.

मी सांगितलं.

सरळ नाही. माझ्याकडून सरळ कधी काही झालंय? गुरुवारी सकाळी मी आईला पडवीत बोलावलं आणि ट्रंक उघडली. भिजून फुगलेलं एक पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हटलं, "आई, जागा याच्यासाठी पाहिजे. वाचनालय म्हणजे हे. याला वाचणं म्हणतात."

तिने ते उलटंसुलटं केलं. एकदा झटकलं. आतून काही पडलं नाही.

"ह्या बुकाना?"

"हो."

"लायबरी?"

"हो, लायबरीच. तिचंच सरकारी नाव."

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मंग वाचलेली मानसा कुठं जातान?"

रुचिका, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर असतं. गावात त्यासाठी मी बदनाम आहे. साहेबाला उत्तर, सरपंचाला उत्तर, अल्पेशशेठला तर त्याने विचारायच्या आधी उत्तर. मी ट्रंकेच्या कडेला धरून बसले होते आणि आई माझ्याकडे बघत होती. शाळेत फळ्यापुढे उभं राहिलेलं पोर बाईंकडे बघतं ना, तशी. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "वाचलेली माणसं आपापल्या घरी जातात, आई. रितेश आला ना, तशी. शुभम वाचला असता तर घरीच आला असता."

झालं. वाक्य झालं. "असता"वर जुळलं. मला वाटलं होतं, मोठं काहीतरी बोलावं लागेल, छप्पर कोसळेल. काही कोसळलं नाही. बाहेर मासळीवाल्याची गाडी वाजली आणि आईने सवयीने मान वळवून बघितलं, कोणाची गाडी ते.

मग ती उठली. पुस्तक ट्रंकेत ठेवलं, झाकण लावलं. जोत्यावर जाऊन बसली. झाडू घेतला नाही. केसरकाकूने चहा नेऊन दिला, तो तिथेच गार झाला. मी दुपारी जाऊन शेजारी बसले. चिरे तापले होते, तिला त्याचंही काही नव्हतं.

चिऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "मना कोनी सांगला न्हाय."

"रुचिकाने सांगितलं होतं."

"व्हय," म्हणाली. "ती बोल्ली व्हती."

आणि मग, "ह्यो जोता तिचा हाय. चिरं तिनं व्हायलं डोईवर. मी कोन देनारी? तिला इचार."

तेवढंच. त्यानंतर आई बोललेली नाही.

बोललेली नाही म्हणजे काय, ते तुला कळेल. तू तिचा आवाज ऐकला आहेस. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आमचं घर कोणी सांगायचं नाही, आवाजावरून यायचे. ती आई आता भिंतीकडे तोंड करून पडते. पेज दिली तर दोन घोट घेते, तेही माझं मन राखायला. आईने माझं मन राखायला लागणं म्हणजे काय, हे मला यापूर्वी कधी माहीत नव्हतं आणि माहीत नव्हतं तेच बरं होतं. डॉक्टर येऊन गेला. नाडी ठीक म्हणाला. गोधड्या मी आत आणल्या. तिने त्या बघितल्या आणि डोळे मिटले.

जोत्यावर बदामाची पानं पडून आहेत. मी झाडू घेऊन दोनदा गेले आणि परत आले. झाडली तर खोटं वाटतं. नाही झाडली तर बघवत नाही.

मी चूक केली का? हे तुला विचारायचा मला हक्क नाही, पण दुसरं कोणी नाही. खाटांचं बघू, म्हणत राहिले असते तर आई आज जोतं धूत असती आणि माझ्यावर ओरडत असती. मी तिला काय दिलं त्याच्या बदल्यात? व्याकरण.

उद्याचं मुरुडचं मी रद्द केलं. दयारामला खरं ते सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "बाई, सायबाला मी थोपवतो. पन एकतीसच्या पुढं माज्या बापाच्या हातात न्हाय." जाताना आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला, चपला काढून. आत गेला नाही. मी या माणसावर आजवर इतकं लिहिलं आहे की आता त्याला चांगलं म्हणताना पेन दुखतं.

अल्पेशशेठही येऊन गेला. रस्त्यालगतची जागा, पार्किंगला छान, आईंना जड होत असेल तर, वगैरे. मी त्याला सरबत दिलं, साखर न घालता. त्याने पूर्ण प्यायलं. असे लोक कुठेही टिकतात.

तेव्हा आता ते जोतं तुझं आहे. कागदावर आईचं, पण आईने सांगितलं ते मी तुला सांगितलं. वाचनालयाला द्यायचं म्हणालीस तर देऊ. घर बांधीन म्हणालीस तर तुझ्या भिंती उभ्या करायला मी येते. चिरे मला उचलणार नाहीत, पण मजुरांना टोमणे मारून कामाला लावता येईल. विकायचं म्हणालीस तर तेही तुझं. दीपेश म्हणून कोणी तुला दुकानात सोडायला येतो, हे केसरकाकूच्या भाचीने सांगितलं. मी काही विचारत नाही. फक्त एवढंच की आईच्या "तिला इचार"मध्ये मला तेही ऐकू आलं, की तू आता मोकळी आहेस. कदाचित मी जास्त ऐकलं असेल. पण मला वाटतं, नाही.

माझं मन विचारशील तर लपवत नाही. मला वाचनालय हवंय. लिहायला लाज वाटते, पण हवंय. भावाच्या जोत्यावर मला कपाटं मांडायची आहेत, ट्रंकांतली पुस्तकं बाहेर काढायची आहेत. पोरींना मोबाईल टॉवरखाली बसून पोलीसभरतीचा अभ्यास करताना बघायचं नाही. आणि माझं निम्मं आयुष्य पडवीत कुबट होत चाललंय, तेही बघायचं नाही. पण ते नाही झालं तरी मी जगेन. मी जगते. त्याहून जास्त मला हवंय ते म्हणजे आईने पुन्हा कोणावर तरी ओरडावं. तिच्या ओरडण्यालायकीची मी आता राहिले नाही, तिने माझं तोंड बघितलं की ती डोळे मिटते. तुझ्यावर ओरडेल कदाचित. तुझी बॅग फेकेल कदाचित. मी या वेळी गल्लीत उभी राहीन आणि झेलीन.

इथे "वाट पाहते" असं लिहून सही करतात. या घरात ते आता लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. येणार असशील तर ये. येणार नसशील तर "येत नाही" असं कळव, रागाने कळव, शिवी देऊन कळव, पण कळव. गप्प राहू नकोस. आणखी एका माणसाचं न येणं आम्हाला अंदाजाने ओळखायला लावू नकोस.

सुचिता